सात नंबरचा दगड

विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात बहुतेकांना दगडांची नावं पाठ होती, आणि काकांना दगड ओळखू येत. हे असं त्यांच्या तोंडावर कोणी म्हटलं असतं तर त्यांनी कानाला हात लावले असते. "छे हो, मी आपला ट्रे उचलणारा माणूस," असं काहीतरी पुटपुटून ते नमुनाघरात शिरले असते आणि उगाच एखादा खण पुसत बसले असते.

काका विभागात परिचर होते. सकाळी कुलपं उघडायची, दगडांचे ट्रे टेबलांवर मांडायचे, तास संपला की मोजून परत ठेवायचे, भिंगांच्या दोऱ्यांचा गुंता सोडवायचा, पातळ आम्लाच्या बाटल्या भरायच्या, ही त्यांची कामं. प्रत्येक दगडावर पांढऱ्या रंगाचा नखाएवढा ठिपका आणि त्यावर काळ्या शाईत नंबर. असे साडेतीन हजार नंबर काकांच्या हातचे होते. कोणी घाईत बाराशे चारचा दगड बाराशे चाळीसच्या खणात टाकला, तर ट्रे उचलतानाच काका थांबत. "उजवीकडून हलका लागतोय," म्हणत आणि नेमका तो दगड बाहेर काढत. विद्यार्थ्यांना ही जादू वाटे. काकांना त्यात विशेष काही वाटत नसे.

त्यांना विशेष वाटे ते एकाच गोष्टीचं, आणि ती म्हणजे मॅडम.

गैरसमज नको. काकांचं लग्न झालेलं होतं, बायको शिवणकाम करायची आणि नवऱ्याला बोलण्यात कधी जिंकू द्यायची नाही. मॅडमबद्दल काकांना वाटायचं ते वेगळंच. बावीस वर्षांपूर्वी मॅडम या विभागात नव्याने शिकवायला आल्या, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी काकांना "भाऊ" अशी हाक मारली होती आणि त्यांनी आणलेल्या ट्रेचं एक टोक स्वतः धरलं होतं. विभागात तोवर ट्रेला फक्त काकांचाच हात लागत असे. माणूस कुणाचा कशावरून होऊन जाईल सांगता येत नाही. काका त्या ट्रेवरून मॅडमचे झाले.

मॅडमच्या डोक्यात तेव्हा एक खूळ होतं. विद्यापीठापासून बसने चार तासांवर एक दरी होती. तिच्या दोन्ही अंगांना दगडांचे थर एकावर एक असे उघडे पडलेले, की पृथ्वीने आपणहून कपाट उघडून दाखवावं. सरकारने ती दरी राखून तिथे भूउद्यान केलं होतं: फाटकावर रखवालदार, जागोजागी पाट्या, आणि सगळ्यांत मोठ्या अक्षरांत एकच सूचना, की दगडाला हात लावू नका, हातोडी तर आणूच नका. मॅडमचं म्हणणं असं, की आपली मुलं चार भिंतींत ट्रेमधले तुकडे बघतात आणि फळ्यावरचे थर वहीत उतरवतात. त्यांना वर्षातून दोन दिवस त्या दरीत न्या, पायी चालवा, थरासमोर उभं करा. तोच आपला वर्ग.

विभागातल्या ज्येष्ठांनी नाकं मुरडली. सहल म्हणजे मौजमजा, हातोडी चालवायची नाही तर शिकणार काय, असं बरंच काही झालं. शेवटी "एकदा नेऊन पाहा" एवढ्यावर गाडं आलं. सोबत एक ज्येष्ठ सरही येणार होते, डोळे वटारून. म्हणजे ती पहिली सहल फसली की मॅडमचं खूळ कायमचं गुंडाळलं जाणार, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. काकांना तर त्या आठवड्यात जेवण जाईना.

मॅडमनी भूउद्यानाच्या नकाशावरून बारा थांबे ठरवले. सहापर्यंतचे त्या स्वतः पाहून आल्या होत्या. पुढे पायवाट काढायचं काम चालू होतं, काटेरी झुडपं होती, म्हणून सातपासून बारापर्यंत नकाशावरच भरवसा. सातपुढे नकाशात लिहिलं होतं, "वाळूच्या दगडात लाटांचे ठसे." सहलीच्या आदल्या दिवशी काकांना पुढे पाठवलं गेलं. काम सोपं होतं. उद्यानाच्या परवानगीने प्रत्येक थांब्यापाशी चुन्याने नंबर काढायचा.

सहा झाले. काका सातपाशी आले. भिंतीतल्या थरांमध्ये एक लांबट पोकळी होती आणि तिच्यातली दगडाची फळी, टेबलाच्या पानाएवढी आणि वीतभर जाड, वाटेवर आडवी पडलेली. वाट रुंद करताना निसटली, असं पायवाटेचे दोन मजूर म्हणाले, आणि ती दरीत ढकलायला पहारी घेऊनच ते उभे होते.

"ढकलू नका!" काका ओरडले. उद्या मॅडम मुलांना घेऊन इथे येणार, मागे ते वटारलेले डोळे, आणि समोर रिकामं भोक! काकांनी त्या दोघांच्या हातापाया पडून त्यांना चहा पाजला आणि तिघांनी मिळून पहारींच्या टेकूने ती फळी उचलली. पोकळीत सरकवायला गेले तर एक कोपरा अडे. इकडून, तिकडून, काही केल्या जाईना. मग एक मजूर म्हणाला, "पालथी करून बघू." पालथी केली आणि कपाटात खण सरकावा तशी फळी आत जाऊन बसली. काकांनी फटींत माती ठासली, वर पालापाचोळा दाबला, बाजूला चुन्याने झोकात सात काढला. त्यांचा जीव भांड्यात पडला. दगडाला वरची आणि खालची बाजू असते, हे तेव्हा त्यांच्या गावीही नव्हतं. ट्रेमधल्या दगडांना कुठे असते?

दुसऱ्या दिवशी मॅडम सातपाशी वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. मग सरळ झाल्या तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला होता, की काका तो चेहरा कधीच विसरले नाहीत. त्या मुलांना म्हणाल्या, "इथे पृथ्वी उलथलीये!"

तो दिवस मॅडमचा झाला. ज्येष्ठ सरांनीसुद्धा चष्मा काढून पुसून परत घातला. सहल दरवर्षीची झाली. पुढे तिला गुण मिळाले, अभ्यासक्रमात जागा मिळाली, इतर महाविद्यालयांची मुलंही येऊ लागली. सात नंबरच्या दगडाचा मोठा फोटो विभागाच्या भिंतीवर लागला, मॅडमनी त्यावर एक लेखही लिहिला. आणि काका दरवर्षी सहलीबरोबर जात राहिले: होकायंत्रांची पेटी, भिंगं, पेन्सिली, मलमपट्टी, आणि चाळीस मुलांची हरवलेली पाण्याची बाटली.

आता, दरवर्षी तेच व्याख्यान त्याच जागी ऐकलं तर भिंतीलासुद्धा समजू लागेल, काका तर माणूस होते. चौथ्या सहलीला त्यांना समजलं. मॅडम सांगत होत्या, "उथळ पाण्याखाली वाळूवर लाटांच्या वळ्या उठतात. वळीचा माथा टोकदार, दोन वळ्यांमधली खोलगी गोलसर. वाळूचा दगड झाला तरी आकार तोच राहतो. म्हणून दगडाच्या कडेला बघा, टोकं जिकडे ती वरची बाजू. इथे टोकं कुठे आहेत?" मुलं ओरडली, "खाली!" मॅडम म्हणाल्या, "मग? हा थर पालथा झालाय! डोंगराच्या पोटात एवढी मोठी घडी पडली, की..."

पुढचं काकांना ऐकू आलं नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर तो मजूर आला, पहार घेऊन, "पालथी करून बघू" म्हणणारा. पृथ्वीबिथ्वी काही नाही. तीन माणसं आणि एक चहा.

त्या रात्री घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती मशीन थांबवून पोट धरून हसली. "अहो, एक दगड सरळ ठेवता आला नाही तुम्हाला!" मग त्यांचा चेहरा पाहून म्हणाली, "सांगून टाका."

सांगून टाकायचं काकांनी फार वेळा ठरवलं. पण कसं सांगणार? मॅडम वर्षभर मीटिंगांमध्ये, फायलींमध्ये, घरच्या आजारपणांत वाळून जात, आणि सातपाशी आल्या की पुन्हा बत्तीस वर्षांच्या होत. तो आनंद आपण हिसकावून घ्यायचा? बरं, लेख छापून झालेला. उद्या कोणी हसलं तर मॅडमना हसणार. काका मूग गिळून बसले. सातपाशी सगळे दगडाकडे बघत तेव्हा ते मागे जाऊन दप्तरं मोजत. सहलीहून परतले की बायको एखाद्या नातेवाइकाची चौकशी करावी तशी विचारे, "काय म्हणतोय तुमचा दगड?" आणि काका म्हणत, "आहे. बरा आहे." अशी अठरा वर्षं गेली.

यंदाची बाविसावी सहल. यंदा आणखी एक गोष्ट होती: भूउद्यान आणि विद्यापीठ मिळून बारा थांब्यांची एक पुस्तिका काढणार होते, सगळ्या महाविद्यालयांसाठी. मजकूर मॅडमचा. सहल झाली की ती छापायला जायची होती, आणि मुखपृष्ठावर अर्थातच सात नंबर.

या वर्षीच्या वर्गात एक मुलगी होती. तिला सगळे "वहीवाली" म्हणत, कारण ती बोलायची कमी आणि लिहायची फार. तिचे वडील रिक्षा चालवायचे. घरात दगडांबद्दल शिकायला निघालेली ती पहिलीच, आणि "दगड शिकून काय करणार" हा प्रश्न तिने घरी इतक्या वेळा ऐकला होता, की त्यावर ती आता नुसती हसायची. काकांना ती आवडे. तास संपल्यावर दगड जागच्या जागी ठेवणारी ती एकटीच होती.

सहलीच्या पहिल्या दिवशी सकाळी पावसाची एक सर पडून गेली होती आणि दरीची भिंत ओली होती. सातपाशी मॅडमचं सांगून झालं, मुलं फोटो काढून पुढे सरकली, आणि वहीवाली मागे राहिली. आधी वाकली, मग गुडघ्यांवर बसली, मग सरळ ओल्या वाटेवर पालथी पडली. भिंग डोळ्याला लावून तिने फळीच्या खालच्या फटीत पाहिलं. मग उठून फळीच्या डावीकडच्या भिंतीवर वीत मोजली, उजवीकडच्या भिंतीवर मोजली, फळीवर मोजली, सगळं हवेतच, कारण हात लावायचा नाही. पुन्हा दोनदा मोजली. दप्तरं मोजता मोजता काकांचा आकडा चुकला.

संध्याकाळी भूउद्यानाच्या सभागृहात मॅडम क्षेत्रवह्या ऐकत. एकेकाने उभं राहून आपण एका थांब्यावर काय पाहिलं ते वाचायचं. या वह्यांचा मॅडमचा एक कडक नियम होता: पानावर नंबर असतील, पान फाडायचं नाही, आणि खोडरबर तर अजिबात चालवायचा नाही. चुकलं तर एक रेघ मारा आणि पुढे लिहा. "तुमचं चुकलेलंसुद्धा मला दिसलं पाहिजे," त्या म्हणत. म्हणून काकांच्या पेटीत पेन्सिली होत्या, टोकयंत्रं होती, खोडरबर कधीच नव्हता.

वहीवालीची पाळी आली. ती उभी राहून खालच्या आवाजात वाचू लागली. "थांबा सात. डाव्या आणि उजव्या भिंतीत या थराच्या तळापासून चार बोटांवर एक तांबडी रेघ जाते. ओल्या दगडावर ती स्पष्ट दिसते. मधल्या फळीत मात्र ती वरून चार बोटांवर आहे. फळीच्या खालच्या अंगाला दगडफुलाचे करडे ठिपके आहेत, ते उजेडाशिवाय वाढत नाहीत. फटींत माती भरलेली आहे." इथे तिने बोट पुढच्या ओळीवर ठेवलं. "मला वाटतं, इथे डोंगर उलथलेला नाही. फक्त ही फळी निघून पुन्हा उलटी बसवलेली आहे."

सभागृहात कोणीतरी फिसकन हसलं. काका दारात चहाच्या कपांचा ट्रे घेऊन उभे होते. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला.

मॅडम मुलांवर कधी चिडत नसत. म्हणूनच त्या दिवशीचा आवाज सगळ्यांच्या लक्षात राहिला. "दोन माणसांना हलणार नाही असा दगड," त्या म्हणाल्या, "कोण उलटा बसवेल? आणि कशासाठी? तांबडी रेघ तुटली असेल, त्याला शंभर कारणं असतात. बाई गं, आधी बघायला शीक, मग शोध लाव. हे पान पुन्हा लिही."

कोण आणि कशासाठी, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर दारापाशी उभं होतं. काकांनी कप उचलून वाटायला सुरुवात केली. वहीवाली खाली बसली. तिचे कान लाल झाले होते.

जेवणाआधी ती काकांकडे आली. "काका, खोडरबर आहे?"

बावीस वर्षांत हे कोणी मागितलं नव्हतं. "नाही गं," काका म्हणाले. "तुला माहितीये ना, मॅडमना चालत नाही."

"असू दे." ती तिथेच बाकावर बसली, बोट जिभेला लावून पान घासू लागली. अक्षरं गेली नाहीत, नुसता काळा डाग पसरला. ती घासतच राहिली. मग वर न बघता म्हणाली, "मी तीनदा मोजलं होतं, काका. तीनदा. तरी चुकलं. म्हणजे मला दिसतच नाही. घरचे म्हणतात ते बरोबर आहे. सोमवारी विषय बदलायच्या अर्जाची शेवटची तारीख आहे, देऊन टाकते."

"अगं, एवढ्यासाठी..."

"एवढ्यासाठीच तर आले होते." ती रडली नाही. रडली असती तर काकांना पाणी तरी देता आलं असतं.

काका अर्ध्या जेवणावरून उठले. हात धुऊन ते बाहेर ओट्यावर गेले आणि त्यांनी बायकोला फोन लावला. तिने नेहमीसारखंच विचारलं, "काय म्हणतोय तुमचा दगड?" काकांनी सांगितलं काय म्हणतोय ते. पलीकडे मशीन थांबल्याचं ऐकू आलं.

"हे बघा," बायको म्हणाली, "इतकी वर्षं मॅडमचं मन राखलंत, त्याला मी काही बोलले नाही. राखण्यासारखं मन आहे त्यांचं. पण ही पोर खरं बोलली आणि खोटी ठरली. ती उद्या उठून आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचं सोडणार. हे तुम्हाला चालणार आहे का?"

"मॅडम परत भाऊ म्हणणार नाहीत मला."

"नाही म्हणणार कदाचित," बायको म्हणाली. तिने त्यांना खोटा धीर कधीच दिला नव्हता.

सकाळी मुलं आवराआवर करत होती तेव्हा मॅडम व्हरांड्यात एकट्या चहा पीत होत्या. समोर पुस्तिकेचे कागद पसरलेले. काका जवळ जाऊन उभे राहिले. "मॅडम, बस निघायला दीड तास आहे. सातवर येता का माझ्याबरोबर?"

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. आजवर काकांनी त्यांना कुठे चला म्हटलं नव्हतं. त्यांनी कप खाली ठेवला, कागदांवर दगड ठेवला आणि निघाल्या. एक ते सहा थांबे कधी मागे पडले ते काकांना कळलं नाही.

सातपाशी आल्यावर काकांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. रात्रभर जुळवलेली वाक्यं होती, त्यांतलं एकही आठवेना. "मॅडम, हा दगड मी बसवलाय," ते म्हणाले. आणि मग धरण फुटावं तसं सगळं बाहेर आलं: वाटेवर पडलेली फळी, दोन मजूर, अडलेला कोपरा, ठासलेली माती. "तुमची पहिली सहल होती. ते सर येणार होते. इथे भोक दिसलं असतं तर... मला उलटंसुलटं काही कळत नव्हतं हो तेव्हा."

मॅडम दगडाकडे बघत होत्या. काकांकडे नाही. त्यांनी तसंच विचारलं, "आणि कळलं कधी?"

"चौथ्या सहलीला. तुमचंच ऐकून."

"अठरा वर्षं." मॅडम आता काकांकडे वळल्या. "अठरा वर्षं तुम्ही मागे उभं राहून माझा तमाशा बघितलात, भाऊ?"

"नाही मॅडम!" काकांचे डोळे भरून आले. "तमाशा नाही. एकदाही नाही. तुम्ही इथे आलात की तुम्हाला इतका आनंद व्हायचा... तो जाऊ नये एवढंच वाटायचं मला. पण काल त्या पोरीने वही खोडली. थुंकी लावून खोडली. ती सोमवारी विषय सोडतेय. तुम्ही मला काय बोलायचं ते बोला, तिला सोडू देऊ नका. तिने नीट बघितलंय."

मॅडम वाटेच्या कडेला बसल्या. साडीला ओली माती लागली त्याचंही त्यांना भान नव्हतं. काका उभेच. आता त्या उठतील आणि न बोलता निघून जातील, असं त्यांना वाटलं. बायको म्हणाली होती, नाही म्हणणार कदाचित.

"नवव्या सहलीला," मॅडम म्हणाल्या, "असाच पाऊस पडून गेला होता. आठवतंय?"

काकांना आठवत नव्हतं.

"मुलं पुढे गेली होती. मी मागे वळून बघितलं आणि मला ती तांबडी रेघ दिसली. डावीकडे खाली, मध्ये वर, उजवीकडे खाली." त्यांनी बोटाने तिन्ही जागा दाखवल्या. "वाकून बघायचं होतं फक्त. कालच्या त्या मुलीसारखं, जमिनीवर पडून. एक मिनिट लागलं असतं. मी वाकले नाही, भाऊ. मला भीती वाटली. मी स्वतःला सांगितलं की मुलं पुढे गेलीत, उशीर होतोय. त्यानंतर पाऊस पडला की मी हा थांबा घाईने संपवते."

काकांनी वळून त्या रेघेकडे पाहिलं.

"तुम्ही माझ्यासाठी गप्प बसलात. मी माझ्यासाठीच गप्प बसले. आणि काल ती सगळ्यांसमोर वाचायला लागली, तेव्हा तिला गप्प बसवलं." मॅडमनी पदराने डोळे पुसले, अगदी साधेपणाने, कुणापासून न लपवता. "मुलांना सांगत फिरते, चुकलेलं मला दिसलं पाहिजे. बोलवा सगळ्यांना इथे. तिला आधी."

काका धावत गेले. एकोणपन्नासाव्या वर्षी आणि तसल्या गुडघ्यांनी धावत जाणं शोभत नाही, पण गेले. अर्ध्या भरलेल्या पिशव्या तशाच टाकून वर्ग आला. वहीवाली सगळ्यांत मागे होती. तिला वाटलं, आणखी काहीतरी ऐकून घ्यायचं आहे.

मॅडमनी तिला पुढे बोलावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "काल हिचं बरोबर होतं आणि माझं चुकलं. कालच नाही, तेरा वर्षांपूर्वीच चुकलं. डोंगर इथे उलथलेला नाही. ही फळी माणसांनी बसवलेली आहे, आणि बसवणारा माणूस आपल्यात उभा आहे." कोणी हसलं नाही. त्यांनी मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. "पुस्तिका आठवडाभर थांबेल. सातचं पान तू लिहायचंस. बारकावे काकांना विचार."

वहीवालीने आधी मॅडमकडे पाहिलं, मग काकांकडे. तिच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते सांगणं कठीण आहे. पण मुलगी मुळातली कामाची. तिने वही उघडली, काळ्या डागाच्या पानावर एक रेघ मारली, पुढचं कोरं पान काढलं आणि पेन्सिल सरसावली.

"काका, साल कुठलं? किती जण होतात? फळी वाटेवर पडली होती तेव्हा ठिपक्यांची बाजू वर होती की खाली? अडत होता तो कोपरा कुठला? पहार कुठून घातली?"

असले प्रश्न काकांना आयुष्यात कोणी विचारले नव्हते. विद्यापीठात त्यांना विचारलं जाई ते किल्ली कुठे आहे आणि ट्रे का आला नाही. ते आधी अडखळले, टोपी या हातातून त्या हातात केली, मग एक पाऊल पुढे आले आणि बोटाने दाखवत सांगू लागले: हा कोपरा, इथे अडत होता, पहार या फटीतून, खूण असेल बघ अजून. मुलगी पालथी पडली. "आहे!" ती ओरडली. "खूण आहे!" मग बाकीची मुलंही गुडघ्यांवर आली. काकांना जोर चढला. ते भराभर बोलू लागले, फळीचं वजन, मातीचा रंग, मजुरांची कुरकुर, सगळं.

मॅडम शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी पिशवीतून स्वतःची क्षेत्रवही काढली, गुडघा वर घेऊन त्यावर टेकवली आणि पेन्सिलीचं टोक बघितलं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "जरा सावकाश सांगा. मी लिहून घेतेय."